अर्धवट सुटलेले तीन अभ्यासक्रम आणि आजोबांची ट्रंक

वाचक भगिनीचे पत्र, संक्षेपाने :

मी मिरजेची, वय ६४. १९७७ साली दहावी झाल्यावर मला आर्ट्सला जाऊन इतिहास शिकायचा होता, पण वडिलांनी कॉमर्सला घातले आणि पुढे ३४ वर्षे एका सहकारी बँकेत हिशेबाच्या टेबलावर गेली. निवृत्तीनंतर हौसेने ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केले. ग्रीक तत्त्वज्ञान, भारतीय कला आणि आधुनिक जगाचा इतिहास असे तीन विषय घेतले आणि तिन्ही तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुटले. इंग्रजी कानावरून निघून जाते आणि काल पाहिलेले आज आठवत नाही. मुलगा म्हणतो, ‘आई, टाइमपास म्हणून बघ, टेन्शन कशाला घेतेस?’ यजमान म्हणतात, ‘आता सर्टिफिकेट कुणाला दाखवायचे आहे?’ मला मात्र खरेच शिकायचे आहे. दूरशिक्षणाने इतिहासात एम.ए. करावे का? या वयात झेपेल का? की माहेरच्या ट्रंकेतले मोडी कागद (आजोबा एका पेढीवर दिवाणजी होते) जसे वाचायचे राहून गेले, तसे हेही राहू द्यावे?

उत्तर :

तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती तुम्ही कंसात टाकली आहे. तिच्याकडे मी येणारच आहे; पण त्याआधी त्या तीन सुटलेल्या अभ्यासक्रमांचा निकाल लावून टाकू, कारण त्यांचे ओझे तुम्ही विनाकारण वाहत आहात. मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमात नाव नोंदवणाऱ्या शंभर जणांपैकी शेवटपर्यंत पोहोचणारे बहुधा दहासुद्धा नसतात, आणि त्या न पोहोचणाऱ्या नव्वदांत पंचविशीतली, तल्लख आणि इंग्रजी माध्यमात शिकलेली मुले-मुलीही भरपूर असतात. तेव्हा अभ्यासक्रम सुटला याचा तुमच्या ६४ वर्षांशी फारसा संबंध नाही. चौकशीसाठी दुकानात डोकावणाऱ्याने खरेदी न करता बाहेर पडावे, इतकाच त्याचा अर्थ आहे.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती तुमच्या पत्रातल्या एका क्रियापदात दिसते. तीनही अभ्यासक्रमांबद्दल लिहिताना तुम्ही ‘पाहिले’ असे म्हटले आहे. काल पाहिलेले आज आठवत नाही, ही तक्रार खरी आहे, पण पाहिलेले कुणालाच आठवत नाही. इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य हे विषय वाचून आणि लिहून शिकायचे असतात. व्याख्यान हे त्या वाचनाला लावलेले बोट असते. महाविद्यालयात हे आपोआप घडत असे, कारण तासाला बसून आल्यावर ट्यूटोरियल लिहावे लागे, सर त्यावर तांबड्या शाईने शेरा मारत आणि मग आपल्याला काय कळले नव्हते ते कळे. पडद्यावरच्या अभ्यासक्रमात व्याख्यान उत्तम असते, कित्येकदा आपल्या महाविद्यालयातल्यापेक्षा कितीतरी उत्तम, पण तो तांबड्या शाईचा शेरा मात्र नसतो. त्याच्या जागी बहुपर्यायी प्रश्न असतात. चार पर्यायांतून बरोबर वर्ष ओळखता आले म्हणजे एखादी घटना का घडली याविषयी आपल्याला स्वतःच्या शब्दांत एक परिच्छेद लिहिता येईल, असे मुळीच नाही.

‘स्वयम्’ या सरकारी मंचावरचे अभ्यासक्रम मी स्वतः करते आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे, म्हणूनच हे मोकळेपणाने सांगते. हा मंच २०१७ साली सुरू झाला. त्याआधीपासून, म्हणजे २००३ पासून, आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांचा ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम चालत आला आहे आणि त्यात आता तत्त्वज्ञान, साहित्य, समाजशास्त्र, इतिहास हे विषयही असतात. नोंदणी फुकट असते, वयाची अट नसते, अभ्यासक्रम चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे असतात, आणि प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. एनपीटीईएलच्या गुणांत गृहपाठाला २५ टक्के आणि परीक्षेला ७५ टक्के वजन असते. परीक्षा द्यायची की नाही हे नंतर ठरवा, पण गृहपाठाची तारीख मात्र पाळा. बँकेत महिनाअखेर पाळलीत तशी पाळा. यजमानांना सांगायचे झाले तर सर्टिफिकेट कुणालाच दाखवायचे नाही, पण तारखेचा धाक माणसाला बसवून ठेवतो.

इंग्रजीविषयी दोनच गोष्टी. व्याख्यानाचा वेग पाऊणपट करता येतो आणि बहुतेक ठिकाणी व्याख्यानाची संहिता उतरवून घेता येते. ती छापून घ्या आणि आधी वाचा, मग ऐका. आणि त्याहीआधी त्या विषयावरची मराठी विश्वकोशातली नोंद वाचा. हा कोश आता संकेतस्थळावर मोफत वाचता येतो आणि त्यातल्या बऱ्याच नोंदी इतक्या नेटक्या आहेत की त्या वाचून व्याख्यानाला बसले म्हणजे वक्ता ओळखीचा वाटू लागतो. टिपणे मराठीतच काढा. इंग्रजी वाक्ये उतरवून घेतली की आपल्याला समजल्याचा भास होतो. तेच मराठीत मांडायला गेले की कुठे समजलेले नाही ते त्याच ओळीवर उघडे पडते.

स्मरणाचेही तसेच आहे. साठीनंतर नवी विशेषनामे पटकन हाती लागत नाहीत हे खरे, मलाही लागत नाहीत. पण पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पान मिटून, आठवेल तेवढे कागदावर लिहून काढणे आणि मग मूळ पानाशी ताडून पाहणे याने अधिक लक्षात राहते, हे संशोधकांनी चांगले तपासून पाहिले आहे. दुसऱ्या दिवशी एकदा आणि आठवड्याने एकदा असे दोनदा करा. शिवाय मला एक शंका आहे. ग्रीक तत्त्वज्ञांची नावे तुमच्या डोक्यात टिकली नाहीत, कारण ती टांगायला तिथे खुंटीच नव्हती. बँकेतली खात्यांची नावे आणि क्रमांक तुम्हाला आजही आठवत असतील. तेव्हा खुंट्या जिथे आधीपासून आहेत, तिथूनच सुरुवात का करू नये?

म्हणून आता ट्रंक.

पेढीवरच्या दिवाणजींच्या ट्रंकेत बहुधा काय असणार? पोथ्या किंवा राजांची पत्रे असण्याचा संभव थोडा. रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), खतावणी (खातेवार नोंदींची वही), उधारीच्या चोपड्या, हुंड्या, एखादे गहाणखत, एखादी पावती हेच असण्याचा संभव अधिक. मोडी शिकलेला इतिहासाचा तरुण पदवीधर अशा कागदांपुढे बसला तर अक्षर लावील, पण व्यवहार लावताना अडेल, कारण ‘जमा’ कुणाच्या नावे आणि ‘नावे’ कुणाला, बाकी पुढे का ओढली, ही रक्कम दोनदा का दिसते, हे त्याला कुणी शिकवलेले नसते. तुम्ही ते ३४ वर्षे केले आहे. कीर्द, खतावणी, ताळेबंद, बाकी, वसूल हे तुमच्या टेबलावरचे शब्द मोडी दप्तरांतून जसेच्या तसे चालत आले आहेत. पेशवे दप्तरातही, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या जपून ठेवलेल्या कागदांतही, लढायांच्या पत्रांपेक्षा जमाखर्चाचे कागद कितीतरी अधिक आहेत आणि त्यांच्याकडे वळणारे अभ्यासक थोडे. वडिलांनी तुम्हाला कॉमर्सला घातले याचे दुःख मी हलके करू पाहत नाही. पण तो रस्ता इतिहासापासून तुम्हाला वाटतो तितका लांब गेलेला नाही.

लिपीची भीती बाळगू नका. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतात आणि मग तिला लटकवल्यासारखी अक्षरे, हात शक्यतो न उचलता, लिहीत जातात. शब्दाशब्दांत जागा सोडलेली नसते, विरामचिन्हे नसतात, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो (शुद्धलेखनात मार खाल्लेल्या आपल्या पिढीने हे वाचून क्षणभर हसायला हरकत नाही). मुळाक्षरे पंधरा दिवसांत येतात. दुसऱ्याचे घाईचे हस्ताक्षर लागायला मात्र काही महिने जातात. राज्य शासनाच्या पुराभिलेख विभागातर्फे मोडीचे वर्ग घेतले जातात, पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ हे तर या विद्येचे जुने घर, आणि आजकाल मोडीचे ऑनलाइन वर्गही चालतात. ते निवडताना एकच कसोटी लावा : तुम्ही लिहिलेले आणि वाचलेले पान शिक्षक स्वतः तपासून परत देतात का? नुसती ध्वनिफीत-चित्रफीत विकणारा वर्ग कितीही स्वस्त असला तरी तुम्हाला महाग पडेल. कोल्हापूरचे पुराभिलेखागार तुमच्यापासून दूर नाही, तेव्हा अक्षर जरा बसले की एकदा तिथे जाऊन खरा रुमाल (जुने कागद बांधून ठेवलेले कापडी गाठोडे) सुटताना पाहून या.

घरच्या चोपडीत पहिल्याच दिवशी तुम्हाला भेटतील त्या रकमा. ५। म्हणजे सव्वापाच, ५॥ म्हणजे साडेपाच, ५॥। म्हणजे पावणेसहा, उभ्या दंडांचा हा हिशेब तुम्ही लहानपणी वडीलधाऱ्यांच्या वहीत पाहिलाही असेल. आता समजा, एका पानावर कुणाच्या तरी नावापुढे तेलासाठी ५॥ लिहिले आहेत. या एका ओळीवरून काय म्हणता येते? त्या माणसाला पेढीने किंवा दुकानाने साडेपाच रुपये उधार दिले, एवढे म्हणता येते. तेल किती होते हे लिहिले नसेल तर भाव सांगता येत नाही. घरच्यासाठी होते की विक्रीसाठी, हेही सांगता येत नाही. पण त्याच माणसाच्या नावे दर वर्षी त्याच महिन्यात उधारी वाढते आणि सुगीनंतर खाली येते असे पाच वर्षांच्या चोपड्यांत दिसले, तर तुम्ही एका कुळाचे वर्ष कसे सरत होते याविषयी काही बोलू शकता. कागदावरून काय ठरते आणि काय ठरत नाही हे वेगळे करणे म्हणजेच इतिहासाची पद्धत, आणि एम.ए.च्या पहिल्या वर्षात हीच गोष्ट जड शब्दांत सांगितलेली असते. बँकेत तुम्ही तिला व्हाउचर तपासणे म्हणत होता.

पुढे अठराव्या शतकातल्या कागदांकडे गेलात तर तारखाच आधी अडवतील. तिथे वर्ष ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे अरबी शब्दांत लिहिलेले असते. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. बेरीज केली की ११६१. ही त्या काळच्या मराठी कागदांतली कालगणना, म्हणजे शुहूर सन. तो मृगाच्या सुमाराला सुरू होतो, म्हणून पावसाळ्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांसाठी त्यात ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या तारखांसाठी ६०० मिळवायचे, की इसवी सन मिळतो. ११६१ म्हणजे १७६०-६१, ज्या वर्षी जानेवारीच्या चौदा तारखेला पानिपत झाले ते वर्ष. आकडेमोडीची सवय असलेल्या माणसाला यात जी मजा येते ती मी शब्दांत सांगू शकत नाही. तुम्ही करून पाहा.

आता एम.ए. तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘करा, पण यंदा नको’ असे आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे १९८५ साली स्थापन झालेले ‘इग्नू’, कोणत्याही शाखेच्या पदवीधराला इतिहासाच्या एम.ए.ला घेते, त्यामुळे तुमची बी.कॉम. आड येत नाही. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या सत्रांसाठी, प्रवेश होतात. किमान दोन वर्षांत आणि कमाल चार वर्षांत पूर्ण करायचे असते. माध्यम इंग्रजी किंवा हिंदी आहे. मराठीतूनच शिकायचे असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा विचार करा. १९८९ पासूनच्या या विद्यापीठाची पाठ्यपुस्तके घरी बसून वाचणाऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असतात. कुठेही प्रवेश घेण्याआधी त्या सत्रासाठी त्या अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे ना, हे आयोगाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. २०२४ पासून दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी ‘डीईबी आयडी’ही (याच विभागाचा ओळख क्रमांक) काढावा लागतो, ते काम मुलाकडे सोपवा, म्हणजे टाइमपासविषयीचे त्याचे मतही थोडे बदलेल.

मग यंदा का नको? कारण इग्नूचे एम.ए. मराठ्यांपुरते नाही, त्यात जगाचा इतिहास आहे, प्राचीन समाज आहेत, इतिहासलेखनाची तत्त्वे आहेत. ते सारे वाचायची तुमची इच्छा आहे की १९७७ सालचा हिशेब चुकता करायची, हे आज तुम्हालाही नक्की सांगता येणार नाही. दोन्ही कारणे मला मान्य आहेत, पण दुसऱ्या कारणावर चार वर्षे काढणे कठीण जाते. ते ओळखायचा फुकट उपाय आहे. इग्नूची बहुतेक पाठ्यपुस्तके ‘ई-ज्ञानकोश’ या संकेतस्थळावर मोफत आहेत. एम.ए. इतिहासाचा एखादा खंड उतरवून घ्या, दोन महिने वाचा, आणि त्यातल्या एका प्रश्नाचे उत्तर घड्याळ लावून हाताने लिहून काढा. विषयाची गोडी लागते का, हे तेव्हा कळेल, आणि बोटे किती वेळ साथ देतात हेही कळेल, कारण सत्रान्त परीक्षेला तीन तास लिहावे लागते आणि संगणकाच्या सवयीने आपल्या सर्वांचे हात त्याला पारखे झाले आहेत. वर्षभराने अजूनही जावेसे वाटले तर जा. तिथल्या गृहपाठाला ३० टक्के गुण असतात आणि तो माणूस तपासतो. शेरा कधी कधी एका ओळीचाच असतो, पण तो माणसाचा असतो.

या वर्षात तुमचे लेखन कोण वाचणार, याची सोय तुम्हालाच करावी लागेल. एखादे निवृत्त प्राध्यापक किंवा मोडीच्या वर्गातली एखादी सहाध्यायी शोधा आणि आठवड्याला एक पान लिहून त्यांना देत जा. एकच पान, पण सुटता कामा नये. घरच्यांना दाखवू नका. ते एकतर भरमसाट कौतुक करतील किंवा चष्मा सापडत नाही म्हणतील.

पैशांबद्दल एक सावधगिरी. मी एकदा एका परदेशी मंचावर सात दिवसांची मोफत चाचणी घेतली, कार्डाचा क्रमांक दिला, आणि आठव्या दिवशी विसरले. तीन महिन्यांचे पैसे कापले गेल्यावर मला जाग आली. सदस्यत्व घ्यायचेच झाले तर त्याच दिवशी दिनदर्शिकेवर रद्द करायची तारीख लिहून ठेवा. आरंभी तरी याची काही गरज नाही.

वयाच्या ऐंशीव्या वर्षी पदवी घेणाऱ्या आजोबांच्या बातम्या मी तुम्हाला सांगणार नाही. त्या वाचून स्फूर्ती येते आणि संध्याकाळपर्यंत जाते. मात्र एक गोष्ट तुमच्या विषयातली आहे म्हणून सांगते. रियासतकार गो. स. सरदेसाई बडोद्याच्या नोकरीतून १९२५ साली निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांनी पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ भाग संपादून प्रसिद्ध केले. पहिले भाग १९३० साली निघाले तेव्हा ते पासष्टीत होते. त्यांचा आयुष्यभराचा व्यासंग इतिहासाचाच होता, तेव्हा ही बरोबरी नव्हे. पण ते रुमाल उलगडायला जी चिकाटी लागली असेल ती हिशेबनिसाच्या जातीची होती, असे मला नेहमी वाटत आले आहे.

ट्रंक उघडाल तेव्हा एवढे सांभाळा. कागद ज्या क्रमाने बांधलेले असतील तो क्रम मोडू नका, कारण कुठला कागद कुठल्याबरोबर बांधला होता हीसुद्धा माहिती असते. फाटलेल्या घडीला चिकटपट्टी लावू नका आणि कुणी कितीही सांगितले तरी लॅमिनेशन करू नका. हात धुऊन, नीट कोरडे करून, खिडकीजवळ पण उन्हात नव्हे अशा जागी एकेक पान ठेवा आणि फ्लॅश न लावता मोबाइलने छायाचित्र घ्या. शेजारी एक मोजपट्टी आणि चिठ्ठीवर पानाचा क्रमांक असू द्या. पहिली वीस पाने झाली की ट्रंक पुन्हा बंद करा आणि मोडीच्या वर्गाला जाताना त्यातले सर्वांत स्वच्छ अक्षराचे पान बरोबर न्या.